मंगळवारी वाजलेली चाल बुधवारी जाते कुठे?

ओल्ड-टाइम फिडलच्या (व्हायोलिनवरच्या जुन्या अमेरिकन नाच-संगीताच्या) गटात नव्यानं येणाऱ्या बहुतेकांची तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते. मंगळवारी संध्याकाळी गोलात बसून नवी चाल घेतली. तासाभरात ती हातात बसली, शेवटी सगळ्यांबरोबर चांगली दणकून वाजवली. बुधवारी फिडल काढलं, तर चाल नाही. पहिला सूरसुद्धा आठवेना. पुढच्या मंगळवारी गोलात बसल्यावर तीच चाल पाच मिनिटांत परत येते आणि बुधवारी परत पसार होते. असे महिनेच्या महिने जातात. मग माणूस "आपलं डोकंच तसलं", "हे लहानपणी शिकायला हवं होतं" वगैरेपर्यंत येतो आणि नोटेशनचं जाडजूड पुस्तक मागवतो.

पुस्तकानं हे दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं. आणि ते स्मरणशक्तीचं दुखणं क्वचितच असतं. लक्षणं नीट पाहिली तर कारण बहुधा सापडतं. ती कारणं आणि त्यांवरचे उपाय इथे लिहितो.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरपट्ट्यातलं, म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, टेनेसी या भागातलं हे नाचाचं संगीत. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. जोडीला क्लॉहॅमर पद्धतीनं, म्हणजे नखानं तारा खाली मारत वाजवलेला बँजो, गिटार आणि मिळालाच तर बास. ब्लूग्रास या त्याच्या भावंड प्रकारात एकेक जण पुढे होऊन आपली करामत दाखवतो. इथे तसं नसतं. गोलातली सगळी फिडलं एकच चाल एकाच वेळी वाजवतात, पुन्हा पुन्हा, कुणी थांबवेपर्यंत. थांबायची वेळ आली की चाल सुरू करणारा पाय वर उचलतो आणि त्या आवर्तनाच्या शेवटी सगळे एकदम थांबतात. इकडे नॉर्थ कॅरोलायनात रॅली-डरहमच्या बाजूला मराठी मंडळी बरीच आहेत आणि त्यांतली काही लहानपणी पुण्या-मुंबईकडे व्हायोलिन शिकलेली असतात. कुतूहलानं गोलात येऊन बसतात आणि वर सांगितलेल्या खड्ड्यात पडतात. त्यांना लागू पडणाऱ्या गोष्टी खाली जरा जास्त आहेत.

आधी एवढं तपासा: चाल विसरलात, की आलीच नव्हती?

एक साधी चाचणी आहे. गट संपल्यावर गाडीत बसायच्या आधी, कुणी काही न वाजवता, चालीचं नाव मनात घ्या आणि पहिल्या आठ मात्रा एकट्यानं वाजवा. नाव ऐकून सुरुवात आली तर चाल तुमच्याकडे आहे. ती उद्या थोडी पुसट होईल, पण जाणार नाही. सुरुवात आली नाही, आणि शेजाऱ्यानं पहिले तीन सूर वाजवल्याबरोबर पुढचं सगळं घडाघडा आलं, तर चाल तुमच्याकडे नाही, गोलाकडे आहे. बुधवारी गोल घरी नसतो.

पोवाड्यात शाहिरामागे झील धरणाऱ्याला अख्खा पोवाडा ठाऊक असतो, पण शाहीर आला नाही तर त्याला पोवाडा उभा करता येईलच असं नाही. गटातला नवा फिडलवाला असाच झीलकरी असतो. तो मुख्य वादकाच्या केसभर मागे राहून वाजवतो. हा केसभर उशीर त्याला स्वतःला कळत नाही, इतरांनाही कळत नाही. पुढचा सूर कानावर पडतो, बोट तिकडे जातं, सूर बरोबर लागतो. आठवून वाजवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते ऐकून वाजवणं असतं. ऐकून वाजवणं हेही कौशल्य आहे आणि मोठं कौशल्य आहे, पण त्यानं चाल साठत नाही.

आता थोडा हिशेब. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, एक खालच्या तारांवरचा आणि एक वरच्या. प्रत्येक भाग दोनदा वाजतो. एका भागाच्या सोळा मात्रा धरल्या तर एक आवर्तन चौसष्ट मात्रांचं होतं. मिनिटाला साधारण 110 मात्रांच्या लयीत ते 35 सेकंदांत संपतं. गोलात एक चाल सात-आठ मिनिटं चालली तर तेरा आवर्तनं झाली. पहिल्या भागात एकच ओळ बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या जागी येते, म्हणजे एका आवर्तनात ती चार वेळा वाजते. तेरा आवर्तनांत 52 वेळा. दुसऱ्या भागाच्या शेवटातून पहिल्या भागाच्या सुरुवातीत जाण्याचा सांधा आवर्तनागणिक एकदा, पण शेवटच्या आवर्तनानंतर नाही, म्हणजे बारा वेळा. आणि शांततेतून चाल सुरू करणं? अख्ख्या आठ मिनिटांत एकदा. तेही दुसऱ्या कुणीतरी केलेलं.

म्हणजे बुधवारी ज्याची पहिली गरज पडते, त्याच गोष्टीचा सराव मंगळवारी शून्य झालेला असतो.

लक्षण: एकदा सुरू झाली की येते, पण सुरूच होत नाही

हे सगळ्यांत जास्त आढळणारं लक्षण आणि यावर उपायही सगळ्यांत सोपा आहे: सुरुवातीचा वेगळा सराव करायचा. पूर्ण चाल वाजवायचीच नाही. नाव मोठ्यानं म्हणायचं, पहिल्या आठ मात्रा वाजवायच्या, थांबायचं. फिडल खाली ठेवायचं. खोलीत एक चक्कर मारायची, दुसऱ्या चालीचं नाव घ्यायचं, तिच्या पहिल्या आठ मात्रा वाजवायच्या. मग परत पहिलीकडे. मध्ये फिडल खाली ठेवणं महत्त्वाचं, कारण हात एकदा त्या चालीत असला की पुढची सुरुवात फुकटात मिळते आणि चाचणीला अर्थ राहत नाही.

सरगम येणाऱ्यांकडे इथे एक हुकमी पत्ता आहे. एक छोटी वही करा आणि तिच्यात प्रत्येक चालीची फक्त पहिली ओळ लिहा. उदाहरणार्थ 'ओल्ड जो क्लार्क'. ही ए पट्टीतली चाल, म्हणून ए म्हणजे सा. पहिली ओळ साधारण अशी उतरते: प ध नि ध प म ग, त्यातला नि कोमल. खमाज थाट एवढं डोक्यात बसलं की ही चाल निम्मी तिथेच पक्की होते. शिवाय पुढचं गणितही दिसतं: हीच सुरुवात त्या भागाच्या उत्तरार्धात पुन्हा येते. पूर्वार्धाचा शेवट अधांतरी राहतो आणि उत्तरार्धाचा शेवट सा वर घरी येतो. म्हणजे पाठ करायच्या गोष्टी चार नाहीत, तीन आहेत: एक सुरुवात आणि दोन शेवट.

पण वहीत पहिल्या ओळीच्या पुढे लिहू नका. पूर्ण चाल लिहिलीत की डोळे वहीवर राहतील आणि पुढच्या मंगळवारी वही स्टँडवर येईल. गोलात स्टँड लावून बसायची रीत नाही. कुणी हटकणार नाही बहुधा, पण स्टँडमागे बसलेल्या माणसाला मुख्य वादकाचा हात दिसत नाही, आणि शिकायचं असतं ते तिथून.

नाचासाठी वाजवणारे चाल धरण्याआधी चार मात्रा नुसता गज घासून लय देतात. याला 'फोर पोटॅटोज' म्हणतात. घरीसुद्धा चाल याच्यानंच सुरू करावी. त्या चार मात्रांत डोक्याला पहिली ओळ शोधायला वेळ मिळतो, आणि गोलात कधी "आता तू सुरू कर" असं झालं तर हात थरथरत का होईना, लय तरी ठरलेली असते.

लक्षण: ओळी सगळ्या येतात, पण सांध्यावर गाडी घसरते

गटात चाल तुकड्यातुकड्यानं दिली जाते. चार मात्रा वाजवून दाखवल्या, सगळ्यांनी परत वाजवल्या, पुढच्या चार. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात तुकडे घोटले जातात आणि सांधे राहून जातात. वरचा हिशेब पुन्हा पाहा: दुसऱ्या भागातून पहिल्या भागात परतण्याचा सांधा सर्वांत कमी वेळा वाजतो. घरी माणूस बरोब्बर तिथे अडतो आणि चाल गेली असं समजतो. चाल असते, पूल नसतो.

उपाय: ओळीच्या मधून ओळीच्या मध्यापर्यंत वाजवा. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या चार मात्रा आणि पहिल्या भागाच्या पहिल्या चार मात्रा, एवढाच आठ मात्रांचा तुकडा करून तो घोळवा. मग पहिल्या भागाच्या शेवटातून स्वतःतच परतण्याचा सांधा, मग पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा. एका चालीत असे चारच सांधे असतात. दहा मिनिटांचं काम आहे.

लक्षण: बोटांना आठवते, गुणगुणता येत नाही

हे लक्षण लोक सांगत नाहीत, विचारावं लागतं. चाल वाजवता येते म्हणणाऱ्याला म्हणा, फिडल बाजूला ठेव आणि आ-आ करून गा. पुष्कळांना पहिला भाग जमतो, दुसऱ्या भागात काहीतरी गोलमाल होतो. म्हणजे चाल हातापुरती आली आहे, कानात शिरलेली नाही. आणि नुसता हात एका रात्रीपलीकडे फार विश्वासाचा नसतो.

पूर्वी हे उलटं घडायचं. टॉमी जॅरेल (1901–1985) या नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीजवळच्या वादकाचं उदाहरण सगळे देतात आणि ते योग्यच आहे. त्याचे वडील बेन जॅरेल स्वतः फिडलवादक होते, 1927 मध्ये त्यांच्या वादनाच्या रेकॉर्डही निघाल्या. ज्या घरात रोज ह्याच चाली वाजतात त्या घरातलं पोर फिडलला हात लावायच्या कितीतरी आधी चाली गुणगुणत असतं. हाताला मग फक्त कानात असलेली गोष्ट शोधायची असते. पुढे टॉमी म्हातारपणी नावारूपाला आला आणि त्याच्या घरी देशभरातून तरुण मुलांची रीघ लागली. ती मुलं कान कोरा घेऊन आली होती. म्हणून ती टेप रेकॉर्डर घेऊन यायची.

आमच्या डरहमचीच दुसरी गोष्ट. अ‍ॅलन जब्बूर हा शास्त्रोक्त व्हायोलिन शिकलेला तरुण साठच्या दशकात ड्यूक विद्यापीठात शिकत होता. 1966 मध्ये तो व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावी हेन्री रीड या ऐंशी ओलांडलेल्या वादकाकडे पोचला आणि त्याच्या चाली ध्वनिमुद्रित करून आणल्या. डरहमजवळ जमणाऱ्या दोस्तांच्या गटात, हॉलो रॉक स्ट्रिंग बँडमध्ये, त्या वाजू लागल्या आणि तिथून हातोहात सगळ्या देशात गेल्या. आज नवशिक्यांच्या गटात हमखास वाजणारी 'ओव्हर द वॉटरफॉल' ही त्यांतलीच. मुद्दा असा की गटात बसून शिकण्याची आजची रीत पुष्कळशी त्या पिढीची देणगी आहे, आणि त्या पिढीनं गटात वाजवण्याआधी टेप झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. आपण त्यांच्याकडून गोल उचलला, ऐकणं तेवढं मागे राहिलं. हेन्री रीडची मुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. जुना आवाज आहे, खरखर आहे, पण आठवडाभर भांडी घासताना लावून ठेवावीत.

तर उपाय: पुढच्या आठवड्याची चाल आधी कळवायला गटाला सांगा. ती आठवडाभर ऐका, फिडलला हात न लावता. दोन्ही भाग गुणगुणता आले की मगच गज हातात घ्या. ज्या चालीला शब्द आहेत तिचे शब्द म्हणा. 'अँजेलिन द बेकर' ही मुळात स्टीफन फॉस्टर या अमेरिकन गीतकाराच्या 1850 च्या गाण्यावरून आलेली चाल, आणि शब्दांच्या आधारानं तिची सुरुवात सहसा चुकत नाही.

मुद्रण करण्याविषयी एक सूचना. गोलातली आठ मिनिटांची गर्दी मुद्रित करून काही उपयोग नाही. त्यात सगळी फिडलं, दोन बँजो आणि कुणाची तरी खुर्ची ऐकू येते. मुख्य वादकाला विनंती करा: एकट्यानं एकदा सावकाश, एकदा पूर्ण लयीत. आधी तोंडानं चालीचं नाव, पट्टी, तारा कशा लावल्यात आणि चाल कुणाची, एवढं बोलून घ्या. दोन मिनिटांची फाइल होते आणि ती खरोखर ऐकली जाते. लय कमी करायची तर अमेझिंग स्लो डाउनरसारखी अ‍ॅप्स आहेत, पट्टी न बदलता वेग उतरवतात.

हार्मोनियमवर कान घडलेल्यांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. जुन्या वादकांचा गंधार कित्येकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी असतो. तो बेसूर नाही, तो तसाच आहे. घरी येऊन "नक्की कोणता ग होता" या शोधात अर्धा तास घालवू नका. मूळ मुद्रण लावा आणि बोट तिथे ठेवा.

लक्षण: घरी सगळे सूर एका बाजूला सरकल्यासारखे वाटतात

यात तुमचा काही दोष नाही. तारा तपासा.

फिडलच्या नेहमीच्या तारा जाड ते बारीक अशा जी-डी-ए-ई. पण ए पट्टीतल्या पुष्कळ चालींसाठी जाड दोन तारा एकेक पूर्ण स्वर चढवून ए-ई-ए-ई लावतात. गटात कुणीतरी "क्रॉस-ए" म्हणालं, सगळ्यांनी खुंट्या पिळल्या, तुम्हीही पिळल्या, आणि घरी जाताना किंवा दुसऱ्या दिवशी सवयीनं परत उतरवल्या. आता खालच्या भागातली बोटं एकाही जागी बरोबर पडणार नाहीत, कारण मंगळवारी जी तार मोकळी वाजत होती तो सूर आता पहिल्या बोटाखाली आहे. वरचा भाग मात्र व्यवस्थित वाजतो, कारण वरच्या दोन तारा बदललेल्याच नाहीत. "एक भाग येतो, दुसरा मुळीच येत नाही" असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न तारांचा विचारतो.

ज्यांनी आपल्याकडे व्हायोलिन केलंय त्यांच्यासाठी ही व्यवस्था ओळखीची आहे: ए-ई-ए-ई म्हणजे ए ला सा मानून सा-प-सा-प. कर्नाटक पद्धतीत तर व्हायोलिन असंच लावतात. जाड जोडीवर जी बोटं, तीच बारीक जोडीवर एक सप्तक वर. त्यामुळे क्रॉस-ए मधली चाल शिकायला खरं तर सोपी असते आणि शेजारच्या मोकळ्या तारेचा गुंजारव वाजवणाऱ्याला सांभाळून घेतो. गैरसोय एकच: जी-डी-ए-ई आणि ए-ई-ए-ई यांत रोज ये-जा केली तर हात गोंधळतो. घरी दोन-तीन दिवस सलग क्रॉसमध्ये राहा. जुनं एखादं स्वस्त फिडल घरात असेल तर ते कायम क्रॉसमध्येच ठेवावं.

तारा चढवताना हळूहळू चढवा. दोन चढवल्या की बाकीच्या थोड्या उतरतात, म्हणून सगळ्या पुन्हा एकदा मिळवाव्या लागतात. आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) फिंगरबोर्डाकडे कलली नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. कललेली घोडी एक दिवस धाडकन आडवी होते.

डी पट्टीच्या काही चालींना ए-डी-ए-ई लावतात, तिथे फक्त जाड तार बदलते. तिथेही हीच तपासणी.

लक्षण: एका चालीत दुसरीच घुसते

'सोल्जर्स जॉय' सुरू केली आणि दुसऱ्या भागात 'लिबर्टी' निघाली, असं होणारे तुम्ही एकटे नाही. दोन्ही डी पट्टीतल्या, दोन्ही त्याच तारांवर, बोटंही पुष्कळशी तीच. त्यात ओल्ड-टाइम गोलाची रीत अशी की बँजोवाल्यांना दर चालीला तारा बदलायला लागू नयेत म्हणून तास-तासभर एकाच पट्टीतल्या चाली वाजतात. रात्री घरी जाताना डोक्यात डीच्या सगळ्या चालींची खिचडी झालेली असते.

नव्या दोन डी चाली एकाच महिन्यात घेऊ नका. एक डी, एक ए, एक जी असं फिरवा. ज्या दोन चाली मिसळतात त्यांचे दुसरे भाग एकापाठोपाठ वाजवून बघा, फरक नेमका कुठे आहे ते बोटानं दाखवता आलं पाहिजे. बहुधा एकाच सुरावर वाटा फुटतात. तो सूर सापडला की गोंधळ संपतो.

लक्षण: सूर बरोबर, पण ही ती चाल वाटत नाही

बोटं आली, गज आला नाही. गटात डावा हात शिकवला जातो आणि उजवा हात ज्याचा त्यानं बघून घ्यायचा असतो. ओल्ड-टाइममध्ये नाच आहे तो उजव्या हातात. शफल म्हणतात तो प्रकार, एक लांब आणि दोन आखूड, मोकळ्या तारेवर घासत राहा आणि चाल फक्त तोंडानं म्हणा. दोन्ही एकत्र टिकायला लागले की बोटं आणा. शास्त्रोक्त शिकलेले लोक एका गजात खूप सूर गुंफतात आणि त्यांची चाल गुळगुळीत होते. लगेच ऐकू येतं ते.

लयीबद्दल वेगळं फारसं सांगण्यासारखं नाही. घरी सावकाश वाजवा, पण रोज एकदा तरी पूर्ण लयीत पडत-झडत वाजवा. नाहीतर गोलात गेल्यावर वेगळीच चाल ऐकतोय असं वाटेल.

गट चालवणाऱ्यांसाठी

लोक विसरतात यात गटाच्या रचनेचा वाटा मोठा असतो आणि हे कुणी बोलत नाही. एका संध्याकाळी दोन-तीन नव्या चाली देणं हा निव्वळ हौसेचा मामला आहे. एक द्या.

चाल देऊन झाली की लगेच वीस आवर्तनं ओढू नका. पाच-सहा वाजवा, गप्पा मारा, दुसरी जुनी चाल घ्या आणि अर्ध्या तासानं फक्त नाव सांगून नवी चाल परत मागा. कुणी सुरू करायची ते आधी सांगू नका. जी दहा सेकंदांची अवघड शांतता पसरते तेवढ्यात सगळ्यांचं डोकं चाल शोधत असतं, आणि घरी हाच शोध उपयोगी पडतो. मग गोलात फिरत प्रत्येकानं पहिल्या आठ मात्रा सुरू करायच्या, फक्त आठ. लाजणाऱ्यांचीही दोन आठवड्यांत भीड चेपते.

वाजवत असताना मधल्या एखाद्या आवर्तनात मुख्य वादकानं गज उचलून गप्प बसावं. गोल तग धरतो की कोसळतो ते तेव्हा कळतं. कोसळला तर हसून पुन्हा सुरू करा. नवख्यांनीही एखादं आवर्तन मुद्दाम सोडावं आणि नुसतं ऐकावं, कारण स्वतःचं फिडल कानाशी असल्यानं वाजवताना दुसऱ्याचं नीट ऐकू येत नाही. आणि बसायची जागा मुख्य वादकाच्या शेजारी नको, समोर घ्या. शेजारून आवाज येतो, समोरून दोन्ही हात दिसतात.

सगळं करूनही घरची चाल आणि गटाची चाल जुळत नसेल तर

तुम्ही वेगळीच चाल ऐकत असाल. एका नावाच्या अनेक चाली आणि एका चालीची अनेक नावं हा या संगीताचा स्थायीभाव आहे. 'कंबरलँड गॅप' शोधलंत तर इतके निराळे अवतार मिळतील की ते एकमेकांशी वाजतच नाहीत. काही वादक एखादी मात्रा जास्त किंवा कमी घेतात, अशा चालीला 'क्रुकेड' म्हणतात. यूट्यूबवरच्या सरळ रूपावर सराव केला असेल तर गोलात तुम्ही मात्राभर आधी पोचता. 'अँजेलिन'मध्ये तर काही जण वरच्या भागानं सुरू करतात, काही खालच्या.

वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपला उन्हाळ्यात मोठा मेळा भरतो, तंबू ठोकून लोक आठवडाभर वाजवतात. तिथे तंबूगणिक एकाच चालीचं वेगळं रूप ऐकायला मिळतं. रीत अशी की ज्यानं चाल सुरू केली त्याचं रूप चालतं, बाकीच्यांनी आपलं बाजूला ठेवायचं. म्हणून नवी चाल घेताना नावाबरोबर "कुणाची?" हे विचारून घ्या, त्याच वादकाचं मुद्रण शोधा आणि सरावाला तेवढं एकच ठेवा. दुसरं रूप कितीही आवडलं तरी पहिलं एकट्यानं सुरू करता येईपर्यंत त्याला हात लावू नका.